सहा जणांचा प्रोजेक्ट आणि शेवटचं पान

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट कधी हाती लागला तर मागून उघडून बघा. वर रेग्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. आत प्रमाणपत्र, आभार, आकृत्या, तक्ते. आणि निष्कर्ष संपले की कुठेतरी ‘या प्रकल्पातून आम्ही काय शिकलो’ अशा अर्थाचं एक पान. कॉलेज भिलाईचं असो की बारामतीचं, त्या पानावर बहुतेक वेळा तीच तीन वाक्यं असतात. टीमवर्क शिकलो. वेळेचं नियोजन शिकलो. संवादकौशल्य वाढलं. सहा जणांनी अख्खं सत्र एकत्र काढलेलं असतं. कुणी रात्री जागून कोड लिहिलेला असतो, कुणी बाजार पालथा घालून सेन्सर मिळवलेला असतो, कुणी फक्त झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलेला असतो, आणि दोघं महिनाभर एकमेकांशी बोललेले नसतात. यातलं काहीही त्या पानावर येत नाही.

ती तीन वाक्यं मुलांच्या डोक्यातून निघालेली नसतात. २०१४ मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा कायम सदस्य झाला. एका देशातली इंजिनीअरिंगची पदवी दुसऱ्या सदस्य देशात तोडीस तोड धरली जावी, यासाठीचा हा करार. त्याच्या चौकटीत नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एनबीए’, यांनी पदवीधराला काय काय यायला हवं याची १२ कलमांची यादी दिली. त्यातलं नववं कलम होतं वैयक्तिक आणि गटातलं काम, दहावं संवाद, अकरावं प्रकल्पाचं व्यवस्थापन, बारावं आयुष्यभर शिकत राहण्याची तयारी. ही यादी कॉलेजच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावलेली असते. मुलं येता-जाता ती वाचतात आणि शेवटच्या पानावर उतरवतात. यात त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्नच असा विचारलाय की उत्तर भिंतीवर टांगलेलं आहे.

हा विषय भिलाईच्या निमित्ताने काढायला दोन कारणं आहेत. पहिलं सरळ आहे. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्यामुळे दुर्ग, भिलाई, रायपूर इथली मराठी घरं ही काही कालपरवाची गोष्ट नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर सेक्टरांची टाउनशिप आली, टाउनशिपबरोबर शाळा आल्या, आणि शाळांच्या मागोमाग शिकवण्या. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोचिंगचं गाव अशी भिलाईची ओळख झाली. थोडक्यात, इथला मुलगा किंवा मुलगी बारावीपर्यंत एकट्याने अभ्यास करते, एकट्याच्या रँकसाठी करते, आणि शेजारच्या बाकावरचा हा तिचा स्पर्धक असतो. मग ती कॉलेजात जाते, दुर्गच्या १९८६ साली निघालेल्या भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत म्हणा, किंवा भिलाईतच मुख्यालय असलेल्या छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठाच्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात, किंवा २०१६ मध्ये रायपूरच्या तात्पुरत्या जागेत सुरू होऊन आता कुटेलाभाठाला स्थिरावलेल्या आयआयटी भिलाईत. तिथे तिला सांगितलं जातं: चला, गट करा.

हे सांगणं अलीकडे वाढलंय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१७-१८ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा आरंभवर्ग सुचवला. त्यात खेळ, चित्रकला, संगीत, नाटक यांना वेळापत्रकात जागा दिली. २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीची एकूण श्रेयांकसंख्या १६० वर आणली, म्हणजे व्याख्यानांचा भार कमी करून प्रकल्प आणि इंटर्नशिपला वाव. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच दिशा कला-वाणिज्य-विज्ञानाच्या कॉलेजांनाही दाखवली. आता नाटक बसवा, माहितीपट करा, भिंत रंगवा, गावात जाऊन मुलाखती घ्या आणि त्यावर गटाने सादरीकरण करा, हे सगळं मार्कांचं काम झालंय. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने दोर ओढायला लावून मोजून ठेवलंय.

मॅक्स रिंगलमन हा शेतकी इंजिनीअर. बैल, घोडे, माणसं, यंत्रं यांची ओढण्याची ताकद मोजणं हा त्याचा धंदा. १८८० च्या दशकात त्याने तरुणांना एकेकट्याने आणि गटाने दोर ओढायला लावला. निष्कर्ष छापले १९१३ मध्ये. दोघं मिळून ओढू लागले की दोघांच्या स्वतंत्र ताकदीच्या बेरजेपेक्षा थोडं कमी भरायचं. तिघांत आणखी कमी. आठ जण एका दोराला लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर यायचा. रिंगलमनला वाटलं, आठ जणांचा झटका एकाच क्षणी पडत नाही, म्हणून असं होत असेल. ते अर्धं खरं होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला. या वेळी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोराला सगळ्यांत पुढे उभं केलं आणि मागचे फक्त ओढल्याचं नाटक करत राहिले. झटके जुळवण्याचा प्रश्नच नव्हता, ओढणारा तो एकटाच. तरीही मागे माणसं आहेत असं वाटताच त्याने जोर कमी लावला. १९७९ मध्ये बिब लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी माणसांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. सहा जणांच्या गटात एकाचा आवाज तो एकटा ओरडताना निघाला असता त्याच्या साधारण ४० टक्के निघाला. थोडा आवाज एकमेकांत विरून गेला, थोडा घशातच राहिला. (पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतली ‘अरे आवाज कुणाचा’ची आरोळी ज्यांनी ऐकलीय त्यांना हे पटणार नाही. पण तिथे कॉलेजच्या नावाचा प्रश्न असतो, आणि कोण गप्प बसलंय यावर शेजारच्याचं बारीक लक्ष असतं.) लाताने आणि मंडळींनीच १९८१ मध्ये दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं सांगितलं की ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

कॉलेजांनी यातून एक सोपा उपाय काढला: कामाची वाटणी. तू सर्किट, तू कोड, तू सर्व्हे, तू पीपीटी, तू रिपोर्ट, आणि व्हायवाला बोलणार ती, कारण तिचं इंग्रजी चांगलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो, कुणी सुटत नाही. पण यात दुसरंच काहीतरी हातातून जातं. एक ओळखीतलं उदाहरण घेऊ. समजा, सहा जणांनी धानाच्या बांधीत ओल किती आहे ते सांगणारं यंत्र करायला घेतलंय. बाजारात मिळणारा साधा ओलावामापक म्हणजे दोन पाय असलेली एक पट्टी: ती मातीत खोचायची, दोन पायांमधून वीज किती सहज वाहते ते मोजायचं, ओल जास्त तर वीज जास्त. पहिला आठवडा झकास जातो. मग यंत्र चिखलातही ‘कोरडं’ दाखवायला लागतं. कोडवाले दोघं कोड तपासतात, मोबाइल ॲपवाला ॲप तपासतो, रिपोर्टवाली वैतागते. चार दिवस जातात. पट्टीकडे कुणी बघतच नाही, कारण पट्टी ‘हार्डवेअरवाल्याची’ आणि त्याने आपलं काम पहिल्याच आठवड्यात संपवून टाकलंय. पट्टी उपटून पाहिली तर तिच्या पायांवरचा मुलामा खाल्ला गेलेला असतो. ओल्या मातीत चोवीस तास एकाच दिशेने वीज सोडली की हे होणारच. शाळेत शिकलेलं विद्युत-अपघटन ते हेच. उपायही साधा आहे. कोडमध्ये दोन ओळी वाढवायच्या, म्हणजे मोजण्यापुरतीच वीज सोडली जाईल आणि एरवी बंद राहील. पण या दोन ओळी सुचायला रसायन, सर्किट आणि कोड तिन्ही एका डोक्यात, निदान एका टेबलाभोवती यावे लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. गटातलं शिकणं घडतं ते दोघांच्या कामांच्या सांध्यावर. वाटणी जितकी सुबक तितके सांधे कमी, आणि जे उरतात ते कुणाच्याच नावावर नसतात. सहा वेगळ्या भागांची नीटस बेरीज म्हणजे सहा एकट्यांचं काम, वरून एकच बाइंडिंग. आपली कोचिंगमध्ये मुरलेली मुलं अशी वाटणी फार चटकन करतात, कारण त्यांना एकट्याने काम करायची सवय आहे आणि त्यात ती हुशार आहेत.

आता भिलाईचं दुसरं कारण. इंगहॅम अमेरिकेत माणसांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधत होता त्याच वर्षी, १९७४ मध्ये, भिलाईत नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर यांनी एक कार्यशाळा घेतली. तिथे जमलेले बहुतेक जण कधी कॉलेजात गेले नव्हते, काहींना अक्षरओळखही नव्हती. तरी गटाने मिळून काही घडवताना माणसं कशी शिकतात याचा इतका स्वच्छ नमुना आपल्या आसपास दुसरा मला तरी ठाऊक नाही.

तनवीर रायपूरचे. जन्म १९२३. मुंबईत ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेत काम केलं, दिल्लीत १९५४ मध्ये ‘आग्रा बाजार’ केलं, मग लंडनच्या राडामध्ये रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, बर्लिनला ब्रेख्तची नाटकं पाहिली. परत आल्यावर १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी छत्तीसगडचे सहा लोककलावंत दिल्लीला नेले. हे नाचाचे कलावंत. नाचा म्हणजे रात्रभर चालणारा खेळ: गाणी, विनोदी प्रवेश, बाईच्या वेषातला पुरुष नट, आणि लिहिलेली संहिता नाहीच. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दंडार किंवा खडी गंमत या लोकनाट्यांत वाढलेल्या माणसाला नाचा समजावून सांगावा लागणार नाही. गोंदियाच्या पलीकडे गेलं की फक्त बोली बदलते. गावच्या मैदानात हजार माणसांना पोट धरून हसवणारे हे नट तनवीरांच्या तालमीत मात्र अवघडून जायचे. तनवीर लंडनला शिकल्याप्रमाणे हालचाली आखून देत: इथून निघ, या वाक्याला इथे वळ. शिवाय बोलायचं हिंदीत. ठरवून दिलेल्या हालचाली ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर लादल्या आणि त्याची बोली काढून घेतली, या आपल्या दोन चुका होत्या, हे पुढे तनवीरांनी स्वतःच सांगून टाकलं. कळायला त्यांना बरीच वर्षं लागली.

मग १९७३ मध्ये रायपूरला महिनाभराची नाचा कार्यशाळा झाली. नाचातले तीन जुने, सुटे प्रहसनप्रवेश घेतले आणि कलावंतांनीच ते एकमेकांत गुंफत नेले. त्यातून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभं राहिलं, सगळं छत्तीसगडीत. पुढच्या वर्षी भिलाईत तनवीरांनी विजयदान देथांची एक राजस्थानी लोककथा नटांपुढे ठेवली. एक चोर गुरूपुढे बढाई मारता मारता शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराच्या नशिबी हे सगळं कुठून येणार, म्हणून बिनधास्त. वर गुरू एक शपथ घ्यायला लावतो, खोटं बोलणार नाही. नेमकं सगळं त्याच्यापुढे चालून येतं, आणि शपथा पाळता पाळता त्याचा जीव जातो. नटांनी प्रसंग उभे करायचे, तनवीरांनी बघायचं, अडवायचं, पुन्हा करायला लावायचं. हाती आला तो तासाभराच्या आतला कच्चा खेळ, नाव ‘चोर चोर’. तो भिलाईतच उघड्या मैदानावर सतनामी लोकांच्या मेळाव्यात दाखवला.

इथे सांधा जुळला तो कुणी आखला नव्हता. गुरू घासीदासांना मानणारे सतनामी हे ‘सतनामा’चे, सत्याचे उपासक. चोर असून खोटं न बोलणारा नायक त्यांच्यापुढे आला तेव्हा ती नुसती गमतीची गोष्ट उरली नाही. मांदर-झांजेच्या तालावर नाचत म्हटली जाणारी त्यांची पंथी गीतं आणि नृत्यं नाटकात आली आणि पुढे ती नाटकाचा कणाच झाली. गाणी लिहिणारे स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम शिकेत इथलेच. १९७५ मध्ये नाटक ‘चरणदास चोर’ या नावाने दिल्लीत आलं, त्याच वर्षी श्याम बेनेगलांनी त्यावर मुलांचा चित्रपट केला आणि त्यात स्मिता पाटील पडद्यावर दिसली. १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात त्याला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला.

या गोष्टीत कामाची वाटणी नव्हती असं नाही. वादक वादक होते, गाणारे गाणारे होते. पण कथा सगळ्यांपुढे एकदम ठेवलेली होती आणि ती कुणाकडेच पूर्ण नव्हती. तनवीरांकडे रचना होती, बोली नव्हती. नटांकडे बोली आणि प्रसंगावधान होतं, दोन तासांचं नाटक बांधायची सवय नव्हती. सतनामींकडे विश्वास आणि गाणं होतं, त्यांना नाटक करायचंच नव्हतं. एकाला दुसऱ्याची गरज पडेल अशीच मांडणी होती. आणि शेवटी कापायचं काय, ठेवायचं काय हे ठरवणारा माणूस एकच होता. गटकाम म्हणजे सगळ्यांनी सगळं समसमान, ही आपली समजूत इथे टिकत नाही. जाहिरातीवर नाव तनवीरांचं मोठं आणि फिदाबाई, लालूराम, मदनलाल, गोविंदराम निर्मलकर यांची लहान, ही तक्रारही तेव्हापासून आहे आणि ती खोटी नाही. गटाच्या कामात श्रेयाचं भांडण कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं नसतं.

सांधा असा मुद्दाम कसा घडवायचा, याची एक युक्ती वर्गखोलीतही आहे. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं तेव्हा हाणामाऱ्या सुरू झाल्या. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावण्यात आलं. त्याने मुलांचे सहा-सहांचे गट केले आणि धडा, म्हणजे वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झरचं चरित्र, सहा तुकड्यांत कापून प्रत्येकाला एक तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण चरित्रावर. आपला तुकडा इतरांना समजावून सांगायचा, आणि अडखळत बोलणाऱ्या मुलाचा तुकडा त्याच्याकडूनच काढून घ्यायचा, कारण तो दुसऱ्या कुणाकडे नाही. थट्टा करून भागत नाही, नीट प्रश्न विचारावे लागतात. आपल्या प्रोजेक्टमध्येही तुकडे असतात, पण परीक्षा ज्याच्या-त्याच्या तुकड्यावर होते. फरक एवढाच, आणि सगळा फरक त्यात.

समजावून सांगताना डोकं कसं चालतं यावर लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं काम आजही आधाराला घेतलं जातं. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या सोबतीने जे करू शकतं, या दोन्हींमधली जागा हीच शिकण्याची जागा, असं तो म्हणायचा. तो १९३४ मध्ये ३७ व्या वर्षी गेला. त्याच्या देशात त्याचं लेखन वीसेक वर्षं दडपलं गेलं आणि १९५६ मध्ये पुन्हा छापलं गेलं. म्हणजे भिलाईसाठी सोव्हिएत इंजिनीअर येऊ लागले त्याच सुमारास. त्या इंजिनीअरांच्या खांद्याला खांदा लावून, मध्ये दुभाष्या ठेवून आपली माणसं भट्टी चालवायला शिकली, तेव्हा त्यांच्यातल्या कुणी विगोत्स्की वाचलेला असण्याची शक्यता जवळपास शून्य.

आता शेवटच्या पानाकडे परत येऊ, कारण मुलं जे लिहितात त्यात एक खरी अडचणही आहे. आपण काय शिकलो हे आपल्याला नीट कळतच नाही. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे दोन भाग केले. एका भागाला उत्तम वक्त्याचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तेच गणित, तेच कागद, पण आधी गटात झटून सोडवायचं, मग उत्तर. पुढच्या विषयाला दोन्ही भागांची अदलाबदल. चाचणीत गटात झटणारे सरस ठरले. पण ‘तुम्हाला किती शिकल्यासारखं वाटलं’ असं विचारलं तर व्याख्यान ऐकलेल्यांनी जास्त गुण दिले. छान ऐकलं की छान समजल्यासारखं वाटतं; अडखळत सोडवलं की आपण ढ आहोत असं वाटतं. त्याआधी २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि मंडळींनी २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. तरीही ‘सर, तुम्हीच शिकवा ना’ ही मागणी भिलाईच्या कोचिंगमधून आलेल्या पोरांची जशी असते तशीच हार्वर्डच्या पोरांचीही असते, हे वाचून बरं वाटलं.

म्हणून ‘काय शिकलो’ हा प्रश्नच वाकडा आहे. डोनाल्ड शोन यांचं चिंतनशील व्यावसायिकांवरचं पुस्तक १९८३ मध्ये आलं, तेव्हापासून शिक्षणशास्त्रात मागे वळून पाहण्याची मोठी चर्चा आहे. नर्सिंग आणि बीएडच्या अभ्यासक्रमांत ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र पाठ करून घेतात: काय झालं, काय वाटलं, वगैरे. पाठ केलं की त्याचंही भिंतीवरच्या यादीसारखंच होतं. मला भिलाईतलीच एक वही जास्त कामाची वाटते. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी लॉगबुक लिहून ठेवतो. किती वाजता काय बिघडलं, कुठला आकडा चढला, काय करून पाहिलं, काय उपयोगी पडलं नाही, पुढच्याने कशावर नजर ठेवायची. त्यात ‘मी संघभावना शिकलो’ असं कुणी लिहीत नाही. लिहिलं तर पुढचा माणूस त्याच्या तोंडावर हसेल.

ओलावामापकाच्या गटाने ही पद्धत धरली तर शेवटच्या पानावर असं काहीतरी येईल: तिसऱ्या आठवड्यात यंत्र चिखलात कोरडं दाखवू लागलं, चार दिवस आम्ही कोडच बघत राहिलो, पट्टी उपटली ती कोडशी संबंध नसलेल्या मुलीने, तिच्या घरी बोअरच्या मोटरचं असंच झालेलं तिने पाहिलं होतं, आधी कुणी तिचं ऐकलं नाही. या एका परिच्छेदात टीमवर्कही आहे आणि संवादही, पण नाव न घेता. मुख्य म्हणजे आपण तिचं का ऐकलं नाही, हा प्रश्न आपोआप टेबलावर येतो, आणि सहा महिन्यांतला कदाचित सगळ्यांत महत्त्वाचा धडा तोच असतो.

असं लिहायला भाषेची मोकळीक लागते. भिलाईला लोक ‘मिनी इंडिया’ म्हणतात. कारखान्यामुळे ओडिया, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, मराठी घरं शेजारी-शेजारी आली. कॉलेजच्या गटात बोलणं चालतं ते हिंदीत, अधूनमधून छत्तीसगडीत. रिपोर्ट मात्र इंग्रजीत. आकृत्या आणि समीकरणं इंग्रजीत ठीक आहेत. पण भांडण, चूक, अडाणीपणा, अचानक सुचलेलं हे सगळं दुसऱ्या भाषेत आणताना बहुतेकांची दमछाक होते आणि मुलं छापील वाक्यांचा आसरा घेतात. नटांना हिंदीत बोलायला लावून तनवीरांचं जे झालं तेच इथे होतं. निदान हे एक पान ज्याला ज्या भाषेत हवं त्या भाषेत लिहू द्यायला विद्यापीठाच्या कुठल्या नियमाची अडचण येत असेल असं वाटत नाही. शिवाय आता नवी भानगड आहे. २०२२ च्या अखेरीपासून चॅटबॉट हाताशी आलेत. टीमवर्क-नियोजन-संवाद हे पान ते चहा निवायच्या आत लिहून देतात, आणि मुलांपेक्षा गुळगुळीत लिहितात. पट्टीवरचा मुलामा कुणी आधी पाहिला हे त्यांना माहीत नसतं.

राहता राहिला मार्कांचा प्रश्न. गटाच्या निर्मितीला मार्क द्यायचे कसे, यावर महाराष्ट्रात पुरेसा वाद झालाय. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते. लिहिणं, बसवणं, प्रकाश, नेपथ्य सगळं विद्यार्थ्यांनी करायचं, आणि तिथून आलेल्यांची यादी मराठी रंगभूमीइतकीच लांब. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या तोलाची एकांकिका नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. गदारोळ झाला. मला तो निर्णय फारसा रुचला नाही, पण एक गोष्ट त्यात स्वच्छ होती: मार्क कलाकृतीला होते. कॉलेजात तसं करून चालत नाही. तिथे उत्तम यंत्र एका हुशार मुलाने एकट्याने केलेलं असू शकतं, आणि बिघडलेल्या यंत्रामागे सहा जण खरोखर शिकलेले असू शकतात. स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनसारख्या स्पर्धेत, जिथे सहांच्या गटात किमान एक मुलगी असावीच लागते आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत ३६ तास सलग काम चालतं, तिथे बक्षीस शेवटी यंत्रालाच मिळतं, आणि स्पर्धेत ते बरोबरही आहे. अभ्यासक्रमाचं गणित वेगळं.

काही शिक्षक व्हायवात एक साधी अदलाबदल करतात. कोड लिहिणाऱ्याला सर्किट विचारायचं, सर्किटवाल्याला सर्व्हे, आणि पीपीटीवालीला विचारायचं की यंत्र बंद पडलं तेव्हा ते कुणी आणि कसं शोधून काढलं. ॲरन्सनचा सहा तुकड्यांचा धडा, फक्त दहा मिनिटांत. आधीपासून माहीत असेल की असंच विचारणार आहेत, तर पोरं सत्राच्या सुरुवातीपासून एकमेकांच्या कामात नाक खुपसायला लागतात. पहिल्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक याला वैतागतात, वेळ जातो म्हणतात. पुढच्या वर्षी तेच प्रश्न ते स्वतः विचारताना दिसतात.